प्रतिनिधि आणि यजमान

गेल्या पौषांत बारामतीहून इंदापुराकडे जाण्याचा आम्हांस योग आला. साखर कारखान्यांचा गाळपाचा हंगाम ऐन भरांत होता. काटेवाडी मागें टाकून भवानीनगरच्या बाजूस लागलें कीं बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग सुरू होते, जळत्या पाचटाचा वास अंगावर येतो, आणि नीरेच्या डाव्या कालव्याच्या दोहों अंगांस ऊंस, ऊंस आणि ऊंस याखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही उतरलों होतों. सकाळीं त्याचे वडील आम्हांस शेतावर घेऊन गेले. आषाढांत लावलेला आडसाली ऊंस पुरुषभर उंच झाला होता. वरंब्याशीं वांकून तात्यांनीं मूठभर माती उचलली, दाबली आणि सोडली. ती भुगा होऊन खालीं पडली. “आज पाणी द्याया पायजे,” ते म्हणाले. मुलगा मागून येत होता. त्यानें मोबाइल पाहिला आणि हळूच म्हणाला, “तात्या, अजून दोन दिवस नको म्हणतंय.” बापलेकांत वाद झाला नाहीं. मुलानें खोरें घेतलें, सरीच्या कडेला हातभर खड्डा काढला आणि तळची माती आणून बापाच्या तळहातावर ठेविली. ती दाबतांच तिचा लाडू झाला. तात्या हंसले, त्यांनीं हात झटकले, आणि मोटार त्या दिवशीं सुरू झाली नाहीं.

रात्रीं ओसरीवर बसलों असतां गोष्ट मागल्या उंसावर आली. तो नुकताच तुटून कारखान्यास गेला होता. तात्या म्हणाले, “सर, ऊंस कधी न्हाई असा आला. पर त्यो मी आणला, असं काय वाटत न्हाई.”

एवढें बोलून त्यांनीं दुसरा विषय काढला. आम्हांस मात्र तें वाक्य सोडीना. तक्रार म्हणावी तर त्यांत तक्रार नव्हती. उत्पन्न वाढलें होतें, पाणी कमी लागलें होतें. तरी त्या माणसाचें कांहींतरी हरवलें होतें, आणि तें काय, हें त्यासही नीट सांगतां येत नव्हतें.

हें यंत्र तेथें कसें आलें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें, म्हणजे अप्पासाहेब पवारांनीं उभारलेल्या संस्थेनें, मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्यानें उंसाच्या शेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे. पहिल्या टप्प्यांत सुमारें एक हजार शेतकरी त्यांत घेण्यांत आले. शेतांत जमिनीखालीं ओलावा मोजणारीं उपकरणें पुरलेलीं असतात, हवामानाचें एक छोटें ठाणें उभें असतें, आणि वरून उपग्रह पिकाच्या रंगावरून त्याची प्रकृति पाहतो. हें सारें एकत्र करून कोठें पाणी द्यावें, किती खत घालावें, कीड कोठें दिसूं लागली आहे, हें शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठींत येतें. २०२५ च्या आरंभीं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीं या प्रयोगाचा जाहीर गौरव केल्यावर बारामतीचें नांव जगभर गाजलें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें महाराष्ट्र शासनानें ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटि रुपयांची तरतूद केली. तेव्हां हा एखाद्या हौशी बागाइतदाराचा खेळ राहिलेला नाहीं. (‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द विद्वानांचा, गांवांत सर्वजण ‘एआय’ म्हणतात, आणि पुष्कळदां तर नुसतें ‘तें’.)

तात्यांच्या वाक्यावर आमचें मन प्रथम ज्या मार्गानें गेलें तो सोपा होता, आणि म्हणूनच आम्हीं तो सोडून दिला. मातीशीं नातें, पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञान, यंत्राचा राक्षस, असें लिहीत गेल्यास लेख दोन घटकांत पुरा होतो व वाचकांच्या डोळ्यांस पाणीही येतें. परंतु नीरेचें खोरें या गहिंवराला फारसा आधार देत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें कालवा आला, आणि अवघ्या एका पिढींत शेतकऱ्याच्या हातानें काय केलें? पाणी अधिक म्हणजे ऊंस अधिक, या अनुभवसिद्ध समजुतीनें त्यानें जमिनीस इतकें पाजलें कीं खालचे क्षार वर आले व चांगलीं काळीं रानें चोपण झालीं. १९१० सालीं हॅरोल्ड मॅन आणि तम्हाणे या दोघांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर शेतकी खात्याची स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती याच अनुभवसिद्ध ज्ञानाच्या परिणामांवर. तात्यांची मूठ जेथें चुकली तेथेंच त्यांच्या आज्याची मूठ चुकली होती. मूठ वरची चार बोटें माती जाणते, मूळ हातभर खालीं असतें. त्या वेळीं खड्डा काढून दाखविणारा मुलगा नव्हता एवढेंच.

शिवाय ज्याला आज आपण तात्यांचें स्वतःचें ज्ञान म्हणतों तें तरी कितपत स्वतःचें? विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरा कालव्यावर गटपद्धत घालून दिली, तेव्हांपासून कोणत्या रानास किती पाणी हें खात्याच्या कोष्टकांतून ठरूं लागलें. पाडेगांवचें ऊंस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. तात्यांच्या शेतांतील को ८६०३२ हें बेणें १९९६ मध्यें याच केंद्राच्या मार्गें शेतकऱ्यांच्या हातीं आलें. खताच्या मात्रा विद्यापीठाच्या, तोडणीची तारीख कारखान्याच्या शेतकी खात्याची, भाव तर कोणाचा हें विचारूंच नये. मोट गेली आणि मोटेवरचीं गाणीं गेलीं, त्या वेळीं कोणाचें ‘मीपण’ गेलें म्हणून मासिकांतून लेख आले नाहींत. आतां लिहिण्याबोलण्याचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींच्या दारांत यंत्र येऊन उभें राहिलें, तेव्हां कोठें हा प्रश्न तात्त्विक झाला. हें कबूल केल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

तरीही पूर्वींच्या यंत्रांत आणि यांत एक भेद आहे. मोटेची जागा घेणाऱ्या इंजिनानें बैलाचे व माणसाचे स्नायु मोकळे केले. पाणी केव्हां द्यावें हें त्यानें कधीं सांगितलें नाहीं. कोष्टकानें सांगितलें, पण कोष्टक सर्वांस एकच असे; आपलें रान त्यांत कसें बसवावयाचें हा निवाडा धन्याकडे उरे. आतां जें आलें आहे तें याच रानाच्या या कोपऱ्याविषयीं आजच्या दिवसापुरतें बोलतें, आणि बहुतेक वेळां बरोबर बोलतें. निवाडा हीच जिची मिरास, तिच्या घरांत हें शिरलें आहे. ली सेडोल हा कोरियाचा गो-खेळाडू २०१६ च्या मार्चमध्यें ‘अल्फागो’ या यंत्राकडून पांचांपैकीं चार डाव हरला, आणि २०१९ मध्यें त्यानें स्पर्धेंतून निवृत्ति घेतली. आपण कितीही वर चढलों तरी जिंकतां न येणारें असें कांहींतरी तेथें आहेच, असें कारण त्यानें दिलें. त्याचें मीपण अजिंक्य असण्यांत होतें, तेव्हां त्याचें दुःख समजतें. तात्या कधींच अजिंक्य नव्हते. दुष्काळानें, हुमणीनें, कारखान्याच्या थकलेल्या बिलांनीं त्यांस अनेकवार चीत केलेलें आहे. तेव्हां त्यांचें हरवलें तें निराळें.

येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. सांगण्यासारखी ती नाहीं, पण ती वगळून या प्रश्नावर मत देण्याचा आम्हांस अधिकार पोंचत नाहीं. आमचे एक सहकारी, ज्यांच्या शेजारीं आम्ही एकाच खोलींत सव्वीस वर्षें बसलों, मागल्या पावसाळ्यांत वारले. महाविद्यालयाच्या अंकासाठीं त्यांच्यावर चार पानें आम्हीं लिहावीं असें ठरलें. परीक्षांचे दिवस होते, मुदत जवळ आली होती, आणि खरें सांगावयाचें तर बसून लिहिण्याचें धैर्य होत नव्हतें. आम्हीं त्यांच्याविषयींच्या दहाबारा गोष्टी यंत्रास सांगितल्या. यंत्रानें लेख दिला. आम्हीं कांहीं शब्द बदलले, एक परिच्छेद गाळला, खालीं सही केली. लेख चांगला होता. सर्वांनीं तसें म्हटलें. त्यांच्या पत्नीनें निरोप पाठविला कीं, असें तुम्हींच लिहावें. आणि त्या निरोपापासून आम्हीं त्यांच्या घरावरून जाणें टाळूं लागलों.

यांत आम्हीं नेमका कोणता अपराध केला, याचा विचार करितांना आढळलें कीं नेहमींचीं नांवें त्यास लागू पडत नाहींत. असत्य? लेखांतील प्रत्येक गोष्ट खरी होती. चोरी? कोणाचें घेतलें? फसवणूक म्हणावी, तर तिनें कोणाचें नुकसान झालें नाहीं. उलट एका दुःखी कुटुंबास समाधान मिळालें. आणि तरी अपराध होता. हें कोडें उलगडावयास आम्हांस जें साधन सांपडलें तें नव्या जगांतील नव्हे. ज्या शास्त्राला आजचे लोक कर्मठांची शुष्क कटकट म्हणून बाजूस सारतात, त्या पूर्वमीमांसेंतील तें आहे.

जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायांत प्रतिनिधीचा विचार केलेला आहे. यज्ञास सांगितलेली वस्तु न मिळाल्यास तिच्या जागीं दुसरी चालेल काय? व्रीहि न मिळाल्यास नीवार, म्हणजे रानभात, चालतो; आरंभलेलें कर्म अडवून धरण्यापेक्षां तें बरें. परंतु देवतेला प्रतिनिधि नाहीं, मंत्राला नाहीं, विहित क्रियेलाही नाहीं, आणि यजमानाला नाहीं. ज्याच्यासाठीं कर्म चाललें आहे त्याच्या जागीं दुसरा उभा करितां येत नाहीं. अनेक यजमान मिळून करावयाच्या सत्रांत एखादा मध्येंच वारला तर संख्या भरण्यासाठीं दुसरा घेतां येतो. पण तो नुसता काम करणारा, फळाचा धनी नव्हे. आणि गंमत अशी कीं, हेंच शास्त्र यजमानानें सर्व कांहीं स्वतः करावें असें मुळींच म्हणत नाहीं. आहुति ऋत्विज देतात, मंत्र ते म्हणतात, त्यांस दक्षिणा देऊन त्यांचे श्रम विकतच घेतलेले असतात. यजमानाकडे उरतें तें थोडें: संकल्प आणि त्याग. हें मी करितों आहें असें म्हणणें, आणि हें आतां माझें नव्हे असें म्हणून सोडणें. पण हें थोडें ऋत्विजाकडे गेलें कीं यज्ञ कितीही बिनचूक झाला तरी तो कोणाचाच होत नाहीं.

या कसोटीला लावून पाहिलें म्हणजे आमचा अपराध स्पष्ट होतो. मुद्रितें तपासणें, तारखा जुळविणें, भाषा घासणें हीं ऋत्विजाचीं कामें. तीं यंत्रानें केलीं असतीं तर आमचे मित्र हंसले असते, कारण त्यांचें स्वतःचें शुद्धलेखन यथातथाच होतें. पण मृत्युलेख लिहिणें म्हणजे त्या माणसाबरोबर आणखी दोन रात्रीं बसणें, आणि मग उठणें. तें बसणें आम्हीं प्रतिनिधीकडे दिलें. वाचकांस जो लेख मिळाला त्यांत न्यून नव्हतें. आम्ही उठलों नाहीं, कारण आम्ही बसलोंच नव्हतों.

तात्यांचें काय? त्यांच्या बाबतींत हीच कसोटी उलट निकाल देते, असें प्रथम वाटतें. पाणी केव्हां, खत किती, हें सारें ऋत्विजाचें काम आहे. आणि सोसायटीच्या कर्जावर अंगठा कोणाचा? ऊंस वाळला, तांबेरा पडला, कारखान्यानें तोड दोन महिने लांबविली, तर नुकसान कोण सोसणार? मोबाइल सोसणार नाहीं, ट्रस्ट सोसणार नाहीं, सातासमुद्रांपलीकडची कंपनी तर नाहींच. ज्याच्या पदरीं हानि पडते तोच स्वामी. तेव्हां तात्यांनीं ऊंस ‘आणला’ नाहीं असें त्यांस वाटणें हा भ्रम आहे. मातीची मूठ म्हणजे मी, असें त्यांनीं आयुष्यभर मानलें म्हणून मूठ हुकतांच मी हुकलों असें त्यांस वाटतें. हा निकाल आम्हांस इतका पसंत पडला कीं लेख येथेंच संपवावा असें मनांत आलें होतें.

पण मीमांसक आम्हांस इतक्या स्वस्तांत सोडीत नाहींत. यजमानानें म्हणावयाच्या मंत्रांविषयीं बोलतांना ते सांगतात कीं, ज्याला अर्थ कळतो त्याच्याकडूनच ते म्हणवावयाचे. अज्ञ मनुष्याला मुळीं अधिकारच नाहीं. म्हणजे संकल्प हा नुसता अंगठा नव्हे. ज्याला ‘नको’ म्हणतां येईल इतकें समजतें, त्याच्याच ‘होय’ला किंमत. आणि समज ही तिजोरींत ठेवून टिकणारी वस्तु नाहीं. खोरें हातांत धरीत राहिलें तरच ती राहते. एखादे दिवशीं जमिनींतलें उपकरण बिघडून भलतेंच सांगूं लागलें, तर तात्या आज ओळखतील. दहा वर्षें मूठ न वळल्यानंतर ओळखतील काय? तेव्हां स्वामित्व कागदावर राहील, हानि पदरीं राहील, आणि धनी मात्र आपल्याच शेतांत पाहुणा होईल.

आमच्या मतें खरा प्रश्न तात्यांचाही नव्हे. त्यांच्याजवळ हरवावयास कांहीं तरी आहे. प्रश्न त्या मुलाचा आहे, आणि आमच्या वर्गांत बसणाऱ्या त्याच्या धाकट्या भावंडांचा. त्यानें आजवर मूठ वळून माती पाहिलेलीच नाहीं. आम्हीं त्यास तसें म्हटलें, आणि म्हणण्यांत थोडा गुरुपणाचा तोराही होता. त्यानें दिलेलें उत्तर आम्हांस अद्याप खोडतां आलेलें नाहीं. तो म्हणाला, “सर, तात्यांचा अंदाज तयार व्हायला तीस वर्षं लागली आणि चार पिकं वाया गेली. माझ्यावर जेवढं कर्ज आहे तेवढ्यात मला एक पीकसुद्धा वाया घालवता येणार नाही. मी शिकायचं कशावर?”

चुकण्याची ऐपत असल्यावांचून निवाडा शिकतां येत नाहीं, आणि ती ऐपत दिवसेंदिवस कोणाजवळच उरत नाहीं. यंत्र येण्यापूर्वींच ती उरेनाशी झाली होती. आमचे विद्यार्थी निबंध यंत्राकडून लिहवून आणतात म्हणून आम्ही कपाळास हात लावतों; पण चुकीचा का होईना स्वतःचा निबंध आणणाऱ्यास आम्हीं गेल्या वीस वर्षांत किती गुण दिले, हें आमच्या उत्तरपत्रिकाच सांगतील. मार्गदर्शकांतील छापील उत्तर हुबेहूब उतरविणारा पहिला येई. आपल्या संस्थांनीं माणसांना यंत्रासारखें वागावयास शिकविलें, आणि आतां खरें यंत्र येऊन तें काम अधिक बरें करूं लागलें.

बारामतीचा विषय निघाला असतां मोरोपंतांची आठवण न होणें कठीण. पन्हाळ्याहून आलेला हा कवि (१७२९–१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयानें कऱ्हेच्या काठीं राहिला व तेथेंच वारला. त्याच्यावर यांत्रिकतेचा आरोप आमच्या विद्यार्थिदशेपासून आम्ही ऐकत आलों, आणि एके काळीं आम्हींही तो वर्गांत मोठ्या ऐटीनें केला. एकशेंआठ रामायणें! त्यांत एक निरोष्ठ. ओंठ मिटवून उच्चारावीं लागणारीं अक्षरें त्यांत वर्ज्य, म्हणजे खुद्द ‘राम’ हें नांवच घेतां येत नाहीं. आज अशी कसरत यंत्रास सांगितली तर तें क्षणांत दहा नमुने पुढें करील. तेव्हां पंतांचें तें काव्य निरर्थक ठरलें काय? आम्हांस तर उलट आतां कोठें त्याचा अर्थ कळूं लागला आहे. पंतांनीं तो निर्बंध स्वतः घातला होता. नांव न घेतां नांवाजवळ राहावयाचें, आणि प्रत्येक ओळींत तें टाळतांना तें आठवावयाचें! फळ म्हणून वाचकास जें मिळालें तें गौण. करतांना कर्त्याचें जें झालें तेंच बहुधा मुख्य असावें. पुढें केकावलींत जो सूर लागला तो या हजारों आर्यांच्या रियाजावांचून लागला असता, असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र पंतांस नाइकांचा आश्रय होता. त्यांच्या चुकलेल्या आर्येवर सोसायटीचें व्याज चढत नव्हतें.

उन्हाळ्यांत आम्ही पुन्हां तिकडे गेलों. तात्यांनीं एक नवी रीत काढली होती, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. रोज सकाळीं शेतावर जाऊन ते आपला अंदाज मोठ्यानें सांगतात: पाणी आज, किंवा परवां, किंवा नको. मुलगा तो वहींत लिहितो. मग मोबाइल उघडतो आणि त्याचें म्हणणें शेजारीं लिहितो. दोहोंचें जुळलें नाहीं कीं खोरें घेऊन खड्डा काढतात. पहिल्या पानांवर तात्या पुष्कळदां हरले होते. पुढल्या पानांवर कमी. कारण आतां ते मूठ वरच्या मातीची घेत नाहींत, हातभर खालची घेतात. एके ठिकाणीं मोबाइल हरला होता, आणि त्या ओळीखालीं तांबड्या पेन्सिलीची जाड रेघ होती. रेघ कोणीं ओढली हें विचारण्याची जरूर नव्हती. आमच्या लक्षांत आलेली दुसरी गोष्ट म्हणजे वैशाखापासून वहींत तिसरा रकाना पडला होता. त्यांत मुलाचा अंदाज होता. तो अद्याप दोघांहूनही वाईट होता.

परत आल्यावर आम्हीं त्या मित्रावर पुन्हां लिहावयास घेतलें. यंत्राची मदत घेतली नाहीं, आणि छापण्याचा प्रश्नही नव्हता. दोन रात्रींचे पांच रात्रीं झाल्या. लेख पहिल्यापेक्षां वाईट झाला, लांबला, मध्येंच भरकटला. पहिल्यांत नसलेलें एक भांडण त्यांत आलें, आणि त्यांत चूक आमची होती. तो घेऊन आम्ही वहिनींकडे गेलों व सारी हकीकत त्यांस सांगितली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. चष्मा लावून त्यांनीं तो तेथेंच वाचला, पेन्सिल मागितली, दोन तारखा आणि एका गांवाचें नांव दुरुस्त केलें, आणि भांडणाच्या जागीं थांबून म्हणाल्या, “हे मला त्यांनी सांगितलं होतं. थोडं निराळं सांगितलं होतं.” मग त्यांनीं तें कसें सांगितलें होतें तें आम्हांस सांगितलें, आणि आंतून चहा येईपर्यंत आम्ही तें समासांत लिहून घेत होतों.